दुसऱ्या संगणकावर वापरात

पुनमचं दुकान लातुरात गंजगोलाईतून फुटणाऱ्या एका रस्त्यावर, चपलांच्या दुकानाच्या माडीवर होतं. जिना अरुंद आणि उभा. वसंतराव हाळीकर त्या आठवड्यात चौथ्यांदा तो जिना चढत होते. मध्येच ते थांबले, लॅपटॉपची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि आपण या बाईला उगीच छळतोय की काय, हा रोजचा प्रश्न स्वतःला विचारून पुढे निघाले.

"या सर," आतून आवाज आला. "तुमी पाचव्या पायरीला थांबता. मला आता न बघताच कळतंय."

"तेच आलंय परत," वसंतराव अपराध्यासारखे म्हणाले.

"येणारच. त्याला दुसरं येतंय काय?"

पुनम चाळिशीची होती. बारा वर्षं एकटीनं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवत होती आणि बिघाडाशी ती हट्टी जनावराशी बोलावं तशी बोलत असे. तिनं लॅपटॉप उघडला, 'वळणदार' सुरू केलं, आणि पडद्यावर ती करडी चौकट आली.

हा परवाना दुसऱ्या संगणकावर वापरात आहे. एका परवान्यावर एकच संगणक चालतो.

तिनं आतापर्यंत करायचं ते सगळं केलं होतं. लॅपटॉपचं घड्याळ आणि तारीख तपासली. अँटिव्हायरस बंद करून पाहिला. 'वळणदार' तीनदा मुळापासून काढून पुन्हा घातलं. स्वतःच्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं. पंचवीस अक्षरी परवाना-क्रमांक वसंतराव पाच-पाच अक्षरं करून वाचत, ती टाइप करत असे, आणि दर वेळी पंचविसाव्या अक्षराला दोघंही श्वास धरत. मग चौकट येई.

'वळणदार' हे मराठी कोश आणि लांबच लांब याद्या जुळवण्याचं सॉफ्टवेअर होतं. नांदेडच्या विष्णुपुरीकडे दोन इंजिनिअर पोरांनी दोन खोल्यांत ते तयार केलं होतं. कंपनी केव्हाच बंद पडली, पोरं कुठं गेली कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्यांचा सर्व्हर कुठंतरी अजून चालू होता आणि फाइल त्याच्यावरच राहायची. परवाना नसेल तर ती दिवसातून दहा मिनिटं नुसती बघता यायची. लिहिणं नाही, छापणं नाही, उतरवून घेणं नाही.

त्या फाइलीचं नाव होतं 'नांदेड-लातूर बोलीकोश'.

वसंतराव नांदेडला एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि सौदामिनीबाईंनी हे काम हाती घेतलं ते अकरा वर्षं चाललं. कामाची रीत ठरलेली. कुणाकडे शब्द विचारायला जायचं तर आदल्या संध्याकाळीच सौदामिनीबाई चिठ्ठ्या तयार करत. सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि दुसऱ्या दिवशीची तारीख आधीच भरायची. शब्द आणि अर्थाची जागा कोरी ठेवायची. "तिथं गेल्यावर नावगाव विचारत बसलं की माणूस बुजतं," त्या म्हणत. घरी आल्यावर वसंतराव आरामखुर्चीतून चिठ्ठी मोठ्यानं वाचायचे, आतल्या खोलीत त्या टाइप करायच्या. शब्द उमटला की आतून "हं" यायचं. मग पुढची चिठ्ठी. अर्थ पटला नाही तर त्या तिथं प्रश्नचिन्ह टाकून ठेवत, आणि वसंतरावांना तो पुन्हा नीट सांगावा लागे.

अडीचशे माणसांचे शब्द त्या कोशात होते. वसंतरावांचा एकही नव्हता.

"एक तरी शब्द तुमचा द्या की," सौदामिनीबाई चिडवायच्या.

"माझा कसला शब्द? मी सगळा पुस्तकातून गोळा झालेला माणूस," ते म्हणत. हे विनयानं नव्हे, त्यांना खरंच तसं वाटे.

गेल्या फाल्गुनात 'निवद' हा शब्द टाइप करून सौदामिनीबाई चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच गेल्या. 'प'पासून पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात तशाच राहिल्या. चैत्रात मुलगी वैष्णवी वडिलांना लातूरला घेऊन आली. आता वर्षश्राद्धाला चौदा दिवस उरले होते. निदान 'अ' ते 'न' एवढा पहिला भाग छापून त्या दिवशी सौदामिनीबाईंच्या फोटोपुढे ठेवायचा, असं वसंतरावांनी मनाशी घेतलं होतं. प्रेसवाला तयार होता. त्याला फक्त फाइल हवी होती, आणि ती सगळी नव्यानं टाइप करण्याइतके डोळे वसंतरावांकडे उरले नव्हते.

"थांबा सर," पुनम अचानक म्हणाली. तिला चौकटीच्या कोपऱ्यात एक बारीक 'तपशील' सापडला होता. "हे बघा. शेवटचा वापर: आज, सकाळी दहा बावन्न."

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

"म्हणजे आत्ता तीन मिन्टांखाली कुणीतरी वापरलंय. तुमचा जुना कंप्युटर कुठं हाय?"

वसंतराव फरशीकडे बघत राहिले. "दिला."

"कुणाला?"

"गुरुजींना. तेराव्याला. शय्यादानात."

पुनमनं डोक्यावर सरकवलेला चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "गादी देतेत. छत्री देतेत, चपला, तांब्या-भांडं देतेत. कंप्युटर दिलेला पहिल्यांदाच ऐकून राहिले, सर."

"गुरुजी म्हणाले, त्यांच्या रोजच्या वापरातलं जे असेल ते द्या, ते त्यांना तिकडे पोचतं. तिच्या रोजच्या वापरातलं तेच होतं." त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला. "माझा विश्वास होता असं नाही. पण घरात ते डोळ्यांसमोर नको झालं होतं."

"द्यायच्या आधी त्याच्यावरचा परवाना मोकळा करायचा असतोय."

"ते सुचलं नाही मला."

"कसं सुचंल," पुनम आवाज उतरवून म्हणाली. "असू द्या. सोपं झालं मग. गुरुजी वापरून राहिलेत. फोन लावा, म्हणा पाच मिन्टं चालू करा, आमचं आमाला मोकळं करून द्या."

वसंतरावांनी तिथूनच नांदेडला अंबरीशगुरुजींना फोन लावला. गुरुजींना आधी कळेचना.

"कॉम्प्युटर? तो गठ्ठा होय? अहो सर, तो तर आम्ही सोडलासुद्धा नाही."

लॅपटॉप पुनमकडेच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वसंतराव नांदेडला निघाले. चाकूर, अहमदपूर, लोहा. खिडकीची काच बसत नव्हती आणि त्यांना सारखं वाटत होतं की गुरुजींवर आपण अविश्वास दाखवतोय. घरात दुसरं कुणी वापरत असेल, गुरुजींना पत्ता नसेल. एवढंच असणार.

अंबरीशगुरुजींचं घर होळी भागात, गोदावरीकडे उतरणाऱ्या बोळात होतं. गुरुजी पन्नाशीच्या आतले, स्कूटरवरून विधींना जाणारे, हसतमुख. त्यांनी पाणी दिलं, वैष्णवीची चौकशी केली, आणि मग स्वतःच शिडी लावली.

"दानात आलेलं आम्ही घरात वापरत नाही, सर. गादी-छत्री गरजवंताला देऊन टाकतो. हे कुणाला द्यावं ते समजेना. म्हणून आहे तसं वर ठेवलं."

माळ्यावर डोक्याला टेकतील एवढे खाली पत्रे होते. पितळी घंगाळं, जुने पाट, सतरंज्यांची वळकटी. त्यांच्या पलीकडे चौकड्यांच्या सोलापुरी चादरीत बांधलेला गठ्ठा. गाठ वसंतरावांनी स्वतः मारली होती. पुस्तकांचे गठ्ठे बांधून बांधून हाताला बसलेली दुहेरी गाठ, टोकं आत खोवलेली. टोकं आतच होती. चादरीच्या घडीघडीत वर्षाची धूळ बसली होती.

वसंतरावांना एकदम हलकं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं. इथं नाही, तर मग कुठं?

खिशात फोन वाजला. पुनम होती.

"सर, पोचलात का? गुरुजीला म्हणा आत्ताच्या आत्ता बंद करा. चालू हाय बघा. बारा चाळीस. टाइप करून राहिलंय कुणीतरी, मला हितं आकडा सरकताना दिसतोय."

"पुनम, तो माझ्या पुढ्यात आहे. गठ्ठ्यात बांधलेला."

पलीकडे पुनमनं दुकानाचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"लाइटीला जोडलाय का?"

"इथं माळ्यावर लाइटच नाही."

"बरं," ती म्हणाली. "बरं." आणि फोन बंद झाला.

गुरुजींनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी सहज म्हणून गठ्ठ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. मग धोतराला पुसला.

"पत्र्याखाली आहे ना," ते म्हणाले. "उन्हानं तापतं."

वसंतरावांनीही हात लावला. चादरीखाली गठ्ठा ऊनऊन होता. पत्रा तापलेलाच होता, फाल्गुन तोंडावर आला होता. शेजारच्या घंगाळालाही हात लावून पाहावा असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी लावला नाही.

"परत न्यायचा असेल तर न्या, सर. मी अडवणार नाही," गुरुजी खाली मान घालून म्हणाले. "चालू करा, तुमचं काय ते मोकळं करून घ्या. पण तुम्ही हातावर पाणी सोडलंय. दिलेलं परत घेतलं तर ते कुणाकडून घेतलं, ते मला सांगता येणार नाही."

वसंतराव बराच वेळ त्या गाठीकडे बघत बसले. गाठ सोडली असती तर अडलेलं काम त्याच दिवशी झालं असतं. त्यांनी चादरीवरची धूळ हातानं झटकली, टोकं नीट खोवली आहेत ना ते पाहिलं, आणि शिडीवरून एकेक पायरी चाचपत खाली उतरले.

परतीच्या गाडीत लोह्याला एक म्हातारी चढली आणि त्यांच्या शेजारी बसली. उघड्या खिडकीतून धूळ आत येत होती.

"लावा की ओ ती खिडकी," ती म्हणाली. "नुसता फुफाटा उडून राहिलाय."

"बसत नाही काच," वसंतराव म्हणाले. मग संकोचून, पण सवय आवरेना म्हणून, "फुफाटा म्हणजे धूळच का? आम्हाला एकानं तापलेली राख म्हणून सांगितलं होतं."

"राखचा बी फुफाटाच. अन् गाडीच्या चाकानं उन्हाची उडती ती धूळ, तिचा बी फुफाटाच. तुमाला येवढं म्हाईत न्हाई व्हय? मास्तर दिसता."

"नाव काय तुमचं?"

"केवळाबाई. कामून? रेशनला लावता काय माझं नाव?"

ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली. वसंतरावांनी तिकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलं: फुफाटा – चाकांनी उडणारी तापली धूळ. केवळाबाई, लोहा. तिकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. कोशात आता ते कधी जाईल कुणास ठाऊक, असा विचार करत त्यांनी डोळे मिटले. फार थकल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुनमच्या दुकानी गेले तेव्हा ती त्यांच्यावर चढून बोलली नाही. खुर्ची पुसून दिली.

"सर, आपण फाइल उघडून बघितलीच न्हाई कधी. परवान्यातच अडकलो. दहा मिन्टं दिसतीय ना? बघू कुणी काय टाइप केलंय ते."

फाइल उघडली. पुनमनं ती थेट खाली नेली. शेवटचा शब्द 'निवद' असायला हवा होता.

'निवद' मागेच राहिला. पुढे 'प' होता. पडवी, पाचुंदा, पाभर, पेव. एकेका शब्दापुढे अर्थ, वापरातलं एखादं वाक्य, सांगणाऱ्याचं नाव-गाव, तारीख. वसंतरावांना वाचायची गरज नव्हती. चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरातल्या होत्या, आणि त्या डब्यात होत्या, आणि डबा वैष्णवीच्या घरी त्यांच्या उशाशी होता. अधूनमधून प्रश्नचिन्हं होती. ज्या अर्थांबद्दल त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती, नेमकी तिथं.

"रोजचं काम हाय," पुनम तपशिलातल्या तारखा वाचत म्हणाली. "मागल्या चैत्रापासून. रोज अकराच्या आत चालू, एक-सव्वाला बंद. सोमवार तेवढे रिकामे दिसतेत."

सोमवारी सौदामिनीबाईंचा उपवास असायचा. उपाशीपोटी पडद्याकडे बघितलं की डोकं दुखतं म्हणून त्या दिवशी काम नसे. वसंतरावांनी हे पुनमला सांगितलं नाही.

"शेवटी काय आहे?" त्यांनी विचारलं.

शेवटी 'फुफाटा' होता. अर्थ पहिला: तापलेली राख; उदगीर. अर्थ दुसरा: चाकांनी उडणारी तापली धूळ, केवळाबाई, लोहा.

वसंतरावांनी खिशातून तिकीट काढून टेबलावर ठेवलं. पुनमनं ते वाचलं, पडदा वाचला, पुन्हा तिकीट वाचलं.

"हे कुणाला दाखवलं होतं?"

"कुणालाच नाही."

खाली कुणीतरी चपलांची मापं मागत होतं. आठ द्या, आठ नसेल तर नऊ द्या. दहा मिनिटं संपली आणि फाइल आपोआप मिटली.

पुनमनं पदरानं मान पुसली. मग तिनं जे केलं ते ती एरवीही करत असे. पुढचं बटण शोधलं. तपशिलाच्या पानावर अगदी खाली ते होतं: दुसऱ्या संगणकाकडे परवाना मुक्त करण्याची विनंती पाठवा.

"पाठवू का?"

वसंतरावांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही हे त्यांनाही कळलं नाही.

"कारण लिहा म्हणतंय. एक ओळ."

वसंतरावांनी तिकीट पुन्हा खिशात ठेवलं. मग म्हणाले, "लिही. वर्षश्राद्धाला पुस्तक हवं आहे."

पुनमनं लिहिलं. बटण दाबलं. आणि दोघंही, ज्याच्याकडून उत्तर यायचं त्याचं नाव न घेता, बसून राहिले.

चार मिनिटांनी चौकट आली. उत्तराला तीन पर्याय होते: आत्ता मुक्त करू, काम पूर्ण झाल्यावर मुक्त करू, मुक्त करणार नाही. मधल्यापुढे काळा ठिपका होता.

पुनमनं लॅपटॉप मिटला, स्वतःच्या हातानं पिशवीत घातला आणि पिशवीची चेन लावली.

"सर, रागावू नका. माझ्याकडं ह्याच्यावर दुसरा उपाय न्हाई."

"तू पुष्कळ केलंस. मीच…"

"तुमचं काय चुकलं त्याच्यात?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्यांना जिना उतरून रस्त्यापर्यंत सोडायला आली.

त्यानंतरचे दिवस वसंतरावांनी वैष्णवीच्या घरी मागच्या खोलीत काढले. वैष्णवी शाळेत शिकवायची. ती साडेदहाला गेली की घर रिकामं व्हायचं. दिवसातून एकदा ते फाइल उघडत आणि दहा मिनिटं बघत.

'ब' आणि 'भ' दोन दिवसांत झाले. 'म'ला तीन लागले. काम आता सव्वाला थांबत नव्हतं, दिवेलागणीपर्यंत चालायचं. आलेला सोमवारही रिकामा गेला नाही. ते पाहून वसंतरावांना वाईट वाटलं. आपण घाई केली. आपण नेहमी नको तिथं घाई करतो.

प्रश्नचिन्हं वाढत होती. 'माळवद'पुढे एक होतं. चिठ्ठीत त्यांनी नुसतं 'धाब्याचं छत' लिहून हात झटकले होते. त्या दुपारी खोलीत कुणी नाही हे दोनदा बघून ते हलक्या आवाजात म्हणाले, "लाकडी खणांवर माती चोपून केलेलं सपाट छत. उन्हाळ्यात वर निजतात." म्हणून झाल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी प्रश्नचिन्ह नव्हतं. 'उन्हाळ्यात वर निजतात' हे वाक्य होतं.

मग ते रोज अकराच्या सुमाराला डबा मांडीवर घेऊन बसू लागले. चिठ्ठी काढायची, मोठ्यानं वाचायची, थांबायचं, ती डाव्या हाताला ठेवायची, पुढची काढायची. येसर, येळवस, रांजण, वखर. घसा कोरडा पडला की पाणी प्यायचं. तीनला पाठ भरून यायची. तरी वाचायचं.

एकदा वैष्णवी अर्ध्या सुट्टीत घरी आली आणि दारातच उभी राहिली.

"बाबा, कुणाशी बोलताय?"

"वाचतोय. चिठ्ठ्या लावतोय."

"मग मधे मधे थांबता कशाला?"

वसंतरावांनी हातातली चिठ्ठी डाव्या हाताला ठेवली. शब्द उमटल्यावर आतून 'हं' यावं लागतं, तोवर पुढं जाता येत नाही, ही अकरा वर्षांची सवय होती. 'हं' आलं असं मात्र कधी झालं नाही. तेवढं ते खात्रीनं सांगू शकले असते. खोलीत पंख्याखेरीज कसलाही आवाज नसे.

"आईची आठवण येते का?" वैष्णवीनं विचारलं.

"नाही," ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. गेल्या आठ-दहा दिवसांत आठवण येण्याइतकी ती लांब वाटलीच नव्हती.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी डबा रिकामा झाला. शेवटची चिठ्ठी वाचून ते थांबले. थोडा जास्तच वेळ थांबले.

गुरुवार उजाडला. स्वयंपाकघरात वैष्णवीची गडबड चालली होती, घरभर खिरीचा वास होता. वसंतरावांनी आंघोळ करून लॅपटॉप उघडला.

चौकट करडी नव्हती. पांढरी होती.

परवाना मुक्त झाला आहे. हा संगणक सक्रिय करायचा?

त्यांनी पुनमला फोन लावला. त्यांना स्वतःवर भरवसा नव्हता.

"मोकळा झाला?" तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "दाबा सर. आता तुमचं हाय ते."

त्यांनी दाबलं. एवढे दिवस जे झालं नाही ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. तपशिलाच्या पानावर 'दुसरा संगणक' या शब्दांपुढे आता 'नाही' असं होतं.

आनंद व्हायला हवा होता. शेजारच्या खोलीतला दिवा कुणीतरी घालवून निघून जावं तसं वाटलं.

त्यांनी फाइल उघडली. ती मिटणार नव्हती, घाई नव्हती. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळा कोश. एक भाग नव्हे, संपूर्ण. एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

'ज्ञ'नंतर आणखी काही पानं होती.

वर लिहिलं होतं: पुरवणी.

हे शब्द त्यांच्या चिठ्ठ्यांतले नव्हते. त्यांनी ते कधी ऐकले नव्हते. पहिल्याचा अर्थ होता: दिवस न पालटता सरणारा वेळ. सांगणार, सरजाबाई, धर्माबाद.

सरजाबाईंनी त्यांना कामाच्या दुसऱ्या वर्षी कापसाचे शब्द दिले होते. त्याच दिवाळीत त्या गेल्या. नोंदीपुढची तारीख याच माघातली होती.

दुसऱ्याचा अर्थ: दिलेली वस्तू हाती पोचल्यावर तिला असलेली ऊब. सांगणार, संगप्पा, शिरूर अनंतपाळ. संगप्पाच्या दहाव्याला ते दोघं गेले होते.

तिसरा शेषेरावांनी सांगितला होता, तेही आता हयात नव्हते. वसंतरावांनी त्याचा अर्थ वाचला नाही.

पानं फार नव्हती. सगळी नावं ओळखीची. सगळ्या तारखा या वर्षातल्या.

शेवटच्या नोंदीत शब्द नव्हता. अर्थ नव्हता. दोन्ही जागा कोऱ्या होत्या. आदल्या संध्याकाळी तयार करून ठेवावी तशी नुसती खालची ओळ भरलेली होती.

सांगणार: वसंतराव हाळीकर, लातूर.

त्यापुढे तारीख होती. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरशी ती ताडून पाहिली. पुढचा बुधवार.

"बाबा, पानं मांडली!" वैष्णवीनं हाक दिली. "येताय ना?"

"आलो. फाइल तेवढी प्रेसला धाडतो."

"आज कशाला? उद्या धाडा की. एवढी काय घाई?"

"बुधवारच्या आत त्यांच्याकडं गेलेली बरी," वसंतराव म्हणाले.

फाइल गेली. ती नोंद त्यांनी पुसली नाही. मग सदऱ्याच्या खिशातलं पेन काढलं, रिकाम्या डब्याच्या झाकणावर एक कोरी चिठ्ठी ठेवली आणि आपल्याकडे द्यायला स्वतःचा असा कुठला शब्द आहे, ते आठवू लागले. पेन टेकलं, पण काही सुचेना.

सहा दिवस होते. तेवढे पुरतील का, एवढीच शंका त्यांना होती.